आतून पाहिले

बावीस वर्षं तो विजेची मीटरं वाचत होता, म्हणून आमच्या भागात त्याला सगळे 'मीटर' म्हणतात. आधी पोरं ओरडायची, "मीटर आला!" मग पोरांच्या आया म्हणू लागल्या, आणि शेवटी त्याची बायकोही, म्हणजे रागावली की. मी त्याला सातवीत शिकवलं होतं. वही सुबक, अक्षर गोल, उत्तरं निम्मी. चुकीचं कधी लिहायचा नाही. येत नसेल तर जागा कोरी सोडायचा. शिक्षकाला अशी मुलं लक्षात राहतात.

मीटर वाचणाऱ्याचं काम उंबरठ्याबाहेरचं असतं. जिन्याखाली, नाहीतर दाराशेजारच्या पेटीत मीटर. टॉर्च मारायचा, आकडा लिहायचा, निघायचं. कुणी "पाणी घ्या" म्हटलं तर तो ते उभ्यानेच, दाराबाहेर प्यायचा. पायात कंपनीचे बूट, वरपर्यंत नाड्या. "कुत्र्यांसाठी, बाई," तो मला म्हणाला होता. "बूट असले की कुत्रं विचार करून चावतं." हजारभर घरं त्याला दारावरून पाठ होती, एकाही घराच्या आत तो गेलेला नव्हता.

मग आपला आकडा आपणच कंपनीला कळवणारी मीटरं बसली, आणि मीटर घरी बसला. वय एकावन्न.

चार महिने त्याने काय केलं ते त्याच्या बायकोला ठाऊक. पाचव्या महिन्यात तिनेच त्याला नानांकडे पाठवलं. नाना म्हणजे आमच्याकडचे जुने एजंट. ज्यांची घरं इथे आणि माणसं दुसरीकडे, अशा मालकांची घरं भाड्याने देणं आणि सांभाळणं हा त्यांचा धंदा. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. जिने चढायला कुणीतरी हवंच होतं.

"हा काम शिकेल का?" नानांनी त्याच्यासमोरच त्याच्या बायकोला विचारलं.

"प्रामाणिक आहे," ती म्हणाली.

"ते मी विचारलं नाही."

वर्षभर तो नानांच्या मागे फिरला. नाना शिकवायचे तेही चालता चालता, धापा टाकत. रिकामं घर ताब्यात घेताना सगळे नळ एकदम सोडायचे. एकेक सोडला तर प्रत्येक नळ शहाण्यासारखा वागतो. भिंतीची ओल तळहाताने नाही, हाताच्या पाठीने बघायची. बेसिनखालच्या कपाटात डोकं घालून वास घ्यायचा. छत गळतंय का हे त्या घरात नाही, वरच्या घरात जाऊन बघायचं. चावीवर घराचा पत्ता लिहायचा नाही, खूण बांधायची, म्हणजे हरवली तरी चोराच्या कामाची नाही.

"आणि भाडेकरूला विचारत बसायचं नाही," नाना म्हणत. "बघायचं. भाडेकरू घाबरलेला असतो. तक्रार केली तर मालक घर खाली करायला सांगेल, या भीतीने तो छतातून पाणी गळत असलं तरी 'सगळं छान' म्हणतो. म्हणून बूट काढायचे आणि आत जायचं. बूट घातलेला माणूस दारातूनच वळतो."

गॅसच्या गिझरबद्दल मात्र नाना थांबून बोलत. दोन्ही हात काठीवर ठेवून. "गिझर बाथरूममध्ये असेल, तर वरची खिडकी उघडी पाहिजे. यात मालकाचं ऐकायचं नाही, भाडेकरूचं ऐकायचं नाही, बायकोचं तर नाहीच. गॅस कोंडून जळला की जो वायू होतो तो दिसत नाही, त्याला वास नाही. माणूस झोप आल्यासारखा बसतो, आणि उठत नाही."

मीटरने हे सगळं गोल अक्षरात वहीत उतरवलं. ती वही मी पाहिली आहे. एकही चूक नाही.

नाना अंथरुणाला खिळले तशी त्यांची नऊ घरं त्याच्याकडे आली. तेव्हा तो माझ्याकडे आला, कागद आखून घ्यायला. दर सहा महिन्यांनी घर तपासायचं आणि मालकाला कागद पाठवायचा, असं त्याला सुरू करायचं होतं. नाना तोंडी सांगत. याला लेखी हवं होतं. त्यात त्याला अभिमान वाटत होता आणि मलाही वाटला. मी पट्टी घेऊन रकाने आखले. नळ, भिंती, दारं-खिडक्या, वीज, गिझर. प्रत्येकापुढे दोन चौकोन: 'भाडेकरूस विचारले' आणि 'आतून पाहिले'. हे दोन चौकोन माझ्या डोक्यातून आलेले. परीक्षकाची सवय, कुणी काय तपासलं ते कळायला हवं असं मला वाटलं.

"फार छान, बाई," तो म्हणाला. तेव्हाही तो माझ्या दारातच उभा होता.

त्या नऊ घरांतलं एक घर शिवणाऱ्या आजींचं. दुसऱ्या मजल्यावर, एक खोली, स्वयंपाकघर, बाथरूम. मालक दातांचा डॉक्टर, दूरच्या शहरात. आजी पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश शिवायच्या. मशीन दारासमोरच, उजेडासाठी. त्यामुळे मीटर जिना चढला की मशीन थांबायचं आणि त्यांचा आवाज यायचा, "आलात का साहेबांचे जावई?"

"साहेबांना मुलगीच नाही, आजी."

"मग तुमचं कसं व्हायचं!"

चाव्यांना बांधायच्या खुणा त्यांनीच शिवून दिल्या होत्या, नऊ घरांना नऊ रंगांच्या चिंध्या. त्यांच्या स्वतःच्या घराची चिंधी पिवळी. "पिवळी दुरून दिसते," त्या म्हणाल्या होत्या. "विसराळू माणसाला बरी."

दर वेळी त्या म्हणायच्या, "आत या की, बसा." आणि दर वेळी तो म्हणायचा, "नको, बूट आहेत." कंपनी सुटली तरी पायात बूट तेच होते.

थंडी सुरू होताना तो तपासणीला गेला. मी त्याच्या तोंडून ऐकलं तसं सांगते. दार उघडं होतं. आजींच्या मांडीवर गणवेशांचा ढीग, तोंडात टाचण्या. त्याने दारातून विचारलं, "नळ बरे आहेत?" त्यांनी मान हलवली. "भिंतीला ओल?" नाही. "गिझर?" त्यांनी टाचण्या काढल्या, "छान चालतोय, राजा." "बाथरूमची खिडकी उघडी असते ना?" "असते, असते." बाथरूम तिथून आठ पावलांवर. नाड्या सोडायच्या, पुन्हा बांधायच्या; पुढे अजून तीन घरं होती. आजी खोटं कशाला बोलतील, असं त्याला वाटलं. कागदावर त्याने दोन्ही चौकोनांत खूण केली. कोरी जागा सोडणारा मुलगा. पण एक चौकोन कोरा राहिलेला कागद मालकाला पाठवायची त्याला लाज वाटली.

पाच आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला. आजींच्या दाराखालून पाणी येतंय, हाका मारूनही दार उघडत नाहीत, चावी घेऊन या.

पिवळी चिंधी त्याने खिळ्यावरून काढली आणि धावत गेला. दार उघडून त्या दिवशी तो पहिल्यांदा त्या घरात गेला, बुटांसकट. बाथरूमची कडी आतून होती. खालच्या बाईंच्या नवऱ्याने खांदा मारून ती तोडली. गिझर चालू होता, बादली भरून वाहत होती. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, झोप आल्यासारख्या. खालच्या बाईंचे यजमान बादली उपडी करून तिच्यावर चढले आणि खिडकीला लावलेला पुठ्ठा हाताने फाडू लागले. अर्धा निघाला. तपकिरी चिकटपट्टीने चारही बाजूंनी चिकटवलेला जाड पुठ्ठा, आणि वरच्या कडेला बोटभर धूळ, कोळिष्टकं. मीटर ती धूळ बघत उभा राहिला. त्याच्या बुटांत पाणी गेलं होतं.

पोलीस आले, पंचनामा झाला. मीटरला सोमवारी जबाबासाठी बोलावलं. डॉक्टर मालकाचा फोन आधी आला.

"तुमचा कागद माझ्यासमोर आहे," मालक म्हणाले. "गिझर ठीक, खिडकी उघडी, आतून पाहिले. सही, तारीख. बाईंनी नंतर पुठ्ठा लावला. विषय संपला. वाईट झालं, पण आपली बाजू स्वच्छ आहे."

"साहेब, तो पुठ्ठा..."

"मीटरसाहेब, तुम्ही लेखी काम करता म्हणून मला तुमचं कौतुक आहे. माझ्या मेहुण्याचे चार फ्लॅट तिकडेच आहेत. त्याला तुमचंच नाव सांगितलंय."

मीटरने फोन ठेवला. बायकोने सगळं ऐकलं होतं.

"खरं बोलून आजी उठणार आहेत का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग?"

ती बाई वाईट नाही. चार महिने कामाविना बसलेल्या नवऱ्याला तिने जेवू घातलं होतं, तेही त्याला जाणवू न देता. झाकली मूठ झाकलेलीच ठेव, एवढंच तिचं म्हणणं.

आजींची मुलगी दुसऱ्या गावी एका हॉस्पिटलच्या धोबीखान्यात कामाला. ती आली, सगळं उरकलं, आणि रविवारी सकाळी मीटरच्या घरी आली. दारातच उभी राहिली. डोळे कोरडे.

"काका, एकच विचारायचंय. मागच्या थंडीत आईला अंघोळ करताना गार वारा लागायचा, म्हणून मीच तिथे पुठ्ठा लावून दिला होता. पण पोलीस म्हणाले, तुम्ही आत्ता तपासलंत तेव्हा खिडकी उघडी होती. म्हणजे आईने माझा पुठ्ठा काढला होता, हो ना? हा तिने नंतर स्वतः लावला?"

मीटर बायकोकडे बघेना, त्या मुलीकडेही बघेना.

"उघडी होती ना, काका?"

"हो," तो म्हणाला.

ती दाराच्या चौकटीला डोकं टेकून रडली, आणि जाताना त्याला हात जोडून गेली.

दुपारी तो माझ्याकडे आला. खुर्चीवर बसला नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "बाई, जबाब लिहून द्या. तुम्ही चांगलं लिहिता."

"काय लिहू?"

"तेच तर."

मला त्याच्या बायकोचं पटत होतं, हे मी लपवत नाही. इतकंच नाही, मला त्या मुलीबद्दलही वाईट वाटत होतं. तिच्या डोक्यावरून एक ओझं उतरलं होतं. ते पुन्हा तिच्या डोक्यावर द्यायचं, ते कुणाच्या भल्यासाठी? मी तसं त्याला म्हटलंही.

"तिने हात जोडले, बाई," तो म्हणाला. "मला. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुम्ही चला. मला एकट्याला जमायचं नाही."

आम्ही आजींच्या घरी गेलो. दार उघडं होतं. मुलगी जमिनीवर बसून आईच्या वस्तू बांधत होती. मशीनवर चादर गुंडाळून दोरी बांधलेली. कडेला अर्धवट शिवलेले गणवेश, प्रत्येकावर कागदाचा कपटा टाचणीने लावलेला, इयत्ता आणि माप. मी आत गेले. तो दारात थांबला.

"मी सकाळी खोटं बोललो," तो दारातूनच म्हणाला. "मी खिडकी बघितलीच नव्हती. इथूनच विचारलं. कागदावर बघितली म्हणून खूण केली. तो पुठ्ठा तुमचाच आहे. त्याच्यावर वर्षाची धूळ होती."

तिच्या हातात एक चमचा होता. तो तिने डब्यात ठेवला, पुन्हा काढला.

"मग आत्ता कशाला सांगताय?"

"तुम्ही हात जोडलेत."

"माझ्या हाताने लावला मी तो," ती म्हणाली, पण त्याला नाही. "स्टुलावर चढून. आई म्हणत होती, पडशील."

"मी आत आलो असतो तर तेव्हाच काढला असता. मला माहीत होतं. मला शिकवलं होतं."

"मग का नाही आलात?"

तो खाली आपल्या पायांकडे बघू लागला. मला वाटलं, तो आता काहीतरी समजावणार, बावीस वर्षांच्या नोकरीचं सांगणार. तो म्हणाला, "बूट होते."

ती उभी राहिली. ती ओरडेल असं मला वाटलं, आणि मी मध्ये पडायची तयारी केली. ती हळू आवाजात बोलली.

"काढा."

"काय?"

"बूट काढा. आत या."

त्याने वाकून नाड्या सोडायला घेतल्या. गाठ सुटेना. पाण्यात भिजून वाळलेल्या नाड्या होत्या. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. अखेर बूट निघाले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तो ओल्या मांजरासारखा भिंतीच्या कडेकडेने आत आला.

तिने बाथरूमचा दिवा लावला. "जा. बघा."

तो गेला. मी खोलीतून त्याची पाठ बघत होते.

"वर बघा."

त्याने मान वर केली. अर्धा पुठ्ठा अजून तसाच होता. फाटलेल्या बाजूने समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती आणि तिच्यावर पाण्याचा एक पाइप.

"किती वेळ लागला?" ती म्हणाली.

तो वर पुठ्ठ्याकडेच बघत होता.

"काका, किती वेळ लागला?"

"मिनिटभर," तो म्हणाला. "मिनिटसुद्धा नाही."

तिने दिवा बंद केला. तो बाहेर यायच्या आधीच केला. मग ती जाऊन खाली बसली आणि चमचे मोजायला लागली. आम्ही निघालो तेव्हा तिने मान वर केली नाही. त्याने बूट हातात घेतले आणि तसाच, मोज्यांवर, दोन मजले उतरला.

जबाब शेवटी त्याने स्वतःच लिहिला. मी फक्त वाचला. पाच ओळी होत्या, आणि मला दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतरचं थोडक्यात. मालकाने चाव्या मागवल्या आणि वकिलाची नोटीस पाठवली. गिझर बाथरूममध्ये कुणी बसवला हा प्रश्न निघाल्यावर डॉक्टरसाहेब एकदम मवाळ झाले, पण केस अजून चालू आहे. तारखेला मीटर जातो. मुलगीही येते; बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसते. ती त्याच्याशी बोलत नाही. माझ्याशी बोलते, पण तेवढ्यापुरतं. एकदा मला म्हणाली, "बाई, तुमचा विद्यार्थी खोटंच बोलत राहिला असता तर मी निदान झोपले तरी असते."

नऊ घरांपैकी सहा गेली. मालक एकमेकांना ओळखत नसले तरी बातमी बरोबर पोचते. मेहुण्याच्या फ्लॅटचा तर प्रश्नच नव्हता. नाना अंथरुणातून एवढंच म्हणाले, "उंटावरून शेळ्या हाकल्यास." मग बऱ्याच वेळाने, "राहिलेल्या तीन घरांना उद्या जा." मीटरची बायको आता सकाळी एका दवाखान्यात झाडलोट करायला जाते. मीटर म्हणून हाक मारायचं तिने सोडलं आहे. रागावत नाही म्हणून, की दुसरं काही, ते मी विचारलेलं नाही.

महिन्याभराने तो माझ्याकडे तपासणीचा कागद घेऊन आला. दाराबाहेर त्याच्या पायात साध्या चपला होत्या. त्या काढून तो आत आला आणि खुर्चीवर बसला.

"हे चौकोन काढून टाका, बाई. खूण करणं फार सोपं असतं."

ते मलाही आता कळलं होतं. आम्ही दोघांनी बसून नवीन कागद केला. त्यात चौकोन नाहीत, प्रश्न आहेत, आणि आत गेल्याशिवाय एकाचंही उत्तर लिहिता येत नाही. गिझरवर कोणता क्रमांक आहे? बेसिनखाली कसला वास येतो? बाथरूमच्या खिडकीतून काय दिसतं?

तिन्ही घरांचे कागद तो मालकांना पाठवण्याआधी मला दाखवतो. खिडकीतून काय दिसतं ते लिहिण्यात तो फार नेटका आहे. 'समोरची गच्ची, निळी टाकी.' 'वाळत घातलेले कपडे, दोन दोऱ्या.' परवा त्या तीन कागदांखाली चौथा निघाला. घराच्या जागी काही लिहिलं नव्हतं, कोपऱ्यात पिवळ्या चिंधीचा तुकडा टाचला होता. वरचे सगळे प्रश्न कोरे. शेवटच्यापुढे गोल अक्षरात: 'भिंत. पाइप.'

मी तो कागद उलटा करून गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. त्याने ते पाहिलं.